काटा खोटा, की पोत्यात माती? (डार्क मॅटर आणि औंढ्याच्या रानातून दिसलेली देवयानी)

भुईकाटा

मंडळी, गेल्या आठवड्यात आमच्या फिडरला शेतीची लाईट रात्रीची होती, दहा ते सहा. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं. मी आणि पुतण्या (दहावीत आहे, गणित बरं, बाकी सगळा मोबाईल) स्प्रिंकलरचे पाईप लावून मोकळे झालो. एकदा लावले की तीन तास काम नाही. बांधावर रिकामी पोती अंथरून पडलो. अमावास्या जवळ आलेली आणि गावातली लाईट नेमकी गेलेली. शेताला आली की गावाची जाते, हा आमच्याकडचा ऊर्जा अक्षय्यतेचा नियम.

पोराला शर्मिष्ठा तारकासमूह दाखवला, त्याच्या टोकाच्या रोखानं खाली देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं गाव. कापूस वेचताना बोंडातून निसटलेला पुंजका पऱ्हाटीला अडकून राहतो, दिसायला तेवढीच. हा उजेड २५ लाख वर्षांपूर्वी तिकडून निघालाय म्हटल्यावर पोरगं दोन मिनिटं गप्प. मग म्हणतंय, "काका, आपल्याकडं लायगो व्हायलंय, तिथं डार्क मॅटर सापडणार म्हणं. ते अंधारात असतंय म्हून दिसत नाही का?"

लायगो म्हणजे हिंगोली जिल्ह्यात आमच्या औंढ्याजवळ होणारी, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. मी बीएस्सी फिजिक्स. पण वीस वर्षं सोयाबीन-हरभरा केल्यावर डोक्यात जे उरतं तेच माझ्या डोक्यात उरलंय. तरी मी सोयाबीनमधूनच सुरुवात केली.

काही वर्षांपूर्वी ट्रॉली भरून सोयाबीन मोंढ्यावर नेलं होतं. निघताना गावाजवळच्या भुईकाट्यावर वजन केलं. मोंढ्यात गेल्यावर आडत्याच्या काट्यावर तेच सोयाबीन १ क्विंटल ४० किलोनं कमी भरलं. आता शेतकऱ्यापुढं दोनच शंका असतात. एक तर काटा खोटा, नाही तर पोत्यात काहीतरी गडबड. आम्ही माल उतरवू दिला नाही, ट्रॉली तशीच वळवून तिसऱ्या काट्यावर नेली.

खगोलवाल्यांचं अगदी हेच झालं. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी हा स्विस शास्त्रज्ञ अमेरिकेत बसून अरुंधती केश तारकासमूहातला दीर्घिकांचा एक मोठा पुंज तपासत होता. त्यातल्या दीर्घिका सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात इकडंतिकडं पळत होत्या. एवढं उधळलेलं जनावर दाव्याला नसेल तर रानोमाळ व्हायला पाहिजे. पण पुंज जागच्या जागी! म्हणजे दावं आहे, नुसतं दिसत नाही. त्यानं जर्मन भाषेत त्याला 'काळोखा पदार्थ' (हेच ते डार्क मॅटर) म्हटलं, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

आजचा हिशोब असा, की विश्वात जेवढा साधा पदार्थ आहे (तारे, वायू, धूळ, तुम्ही, मी, सोयाबीन) त्याच्या पाचपटीहून जास्त हा न दिसणारा पदार्थ. ट्रॉलीत दिसतोय एक क्विंटल, काटा दाखवतोय सहा.

पुढचं मला पोराला नीट सांगता आलं नाही. जाणकारांनी भर घालावी. लायगोत हे सापडतं का, तेही सांगा. पोरगं रोज विचारतंय.

जगात_जर्मनी

बघा, सुरुवातीलाच जर्मन निघाली. आता परभणी कधी येते त्याची वाट बघायलोत.

मोंढ्यातला_मुनीम

लेख छान. पण आडत्याला बदनाम करून गोष्ट अर्ध्यात सोडलीत. तिसऱ्या काट्यावर काय निघालं?

शर्मिष्ठा

माझं नाव घेऊन धागा काढलाय म्हटल्यावर लिहिणं आलं. :)

झ्विकीच्या हिशोबात एक गोम होती. त्याचा आकडा पाच-सहापट नव्हता, तब्बल ४००पट होता. त्या काळात दीर्घिकांची अंतरंच चुकीची धरली जायची, त्यामुळे आकडा फुगला. शिवाय पुढे क्ष-किरण दुर्बिणी आल्यावर कळलं, की पुंजातल्या दीर्घिकांच्या मधल्या 'रिकाम्या' जागेत प्रचंड तापलेला वायू आहे आणि त्याचं वजन सगळ्या ताऱ्यांच्या वजनाहून कितीतरी जास्त आहे. म्हणजे हरवलेल्या वजनातलं थोडं तर साधंसुधंच निघालं. सगळं मात्र निघालं नाही.

झ्विकी स्वभावानं भांडकुदळ, लोकांनी फार मनावर घेतलं नाही. चाळीस वर्षं विषय पडून राहिला. मग अमेरिकेतले व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड हे खगोलशास्त्रज्ञ आले. १९७० साली त्यांनी मोजली ती तुमच्या बांधावरून दिसलेली देवयानीच!

आधी आपल्या सूर्यमालेकडे बघा. बुध सेकंदाला ४७ किमी पळतो, पृथ्वी ३०, आणि नेपच्यून जेमतेम साडेपाच. सूर्यापासून लांब गेलात की ओढ कमी, म्हणून वेगही कमी. देवयानीचा उजेड मधोमध एकवटलेला दिसतो, तेव्हा वजनही मधोमध असणार आणि कडेचे तारे रेंगाळणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. रुबिनबाईंनी बाहेर बाहेर सरकत मोजलं, तर वेग उतरतच नाही. सेकंदाला सव्वादोनशे किमीच्या आसपास, कडेपर्यंत जवळजवळ तोच. १९८० साली त्यांनी २१ दीर्घिकांची मोजणी छापली. बहुतेक सगळीकडे तीच सपाट रेघ.

सेलूकर

वय झालं आहे, चूकभूल द्यावी घ्यावी. आमच्या लहानपणी ज्वारी निसवली की पाखरं राखायला माळ्यावर बसावं लागायचं. हातात गोफण. गुंडा जितका जोरानं फिरवाल तितकी दोरी हाताला काचते. दोरी कुजकी असली तर गुंडा पाखराकडं न जाता भलतीकडं. एकदा आमच्याच बैलाच्या शिंगावर बसला होता, वडिलांनी दुसरी दोरी माझ्या पाठीवर तपासली.

शर्मिष्ठाताईंचं वाचून हे आठवलं. कडेचे तारे इतके जोरानं फिरतात, तर दोरी तेवढी दणकट पाहिजे. दिसणाऱ्या ताऱ्यांची दोरी त्याला पुरत नाही. बरोबर समजलो का?

शर्मिष्ठा

काका, शंभर टक्के. पुढच्या वेळी शाळेत व्याख्यान द्यायला जाईन तेव्हा गोफण घेऊनच जाईन.

जगात_जर्मनी

औंढ्याचं आख्खं देऊळ नामदेवांच्या कीर्तनासाठी फिरलं, नंदी अजून मागं बसलेला हाय. तिथं दीर्घिकेच्या फिरण्याचं काय कवतिक.

लातूरची_सून

रुबिनबाईंची एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. अमेरिकेतल्या पालोमारच्या मोठ्या वेधशाळेत बायकांना दुर्बिणीवर अधिकृतपणे वेळच मिळायचा नाही. कारण काय, तर स्वच्छतागृह एकच आणि तेही पुरुषांचं. १९६५ मध्ये रुबिनबाईंना परवानगी मिळाली. सांगतात, की त्यांनी कागदाचा घागरा कातरून दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला आणि म्हणाल्या, झालं आता बायकांचं. त्या २०१६च्या डिसेंबरात गेल्या, नोबेल काही मिळालं नाही. आता चिलीतल्या डोंगरावरच्या नव्या वेधशाळेला त्यांचं नाव दिलंय, तिची पहिली छायाचित्रं २०२५च्या जूनमध्ये आली.

माझी तक्रार नावाबद्दल आहे. आपल्याकडे याला 'कृष्णद्रव्य' म्हणतात, कुणी 'कृष्ण पदार्थ'. काळी वस्तू उजेड गिळते म्हणून काळी दिसते. तवा काळा आहे, म्हणून तर तो दिसतो! हे द्रव्य उजेड गिळत नाही, परतवत नाही, अडवतही नाही. मग ते काळं कुठलं? पुसून लख्ख केलेल्या काचेसारखं म्हणा हवं तर. भुईकाटा यांच्या पुतण्याचा गोंधळ नावानं झालाय, त्याच्या डोक्यानं नाही.

आणि एक भाबडा प्रश्न. ते सगळीकडे आहे म्हणतात, तर माझ्या स्वयंपाकघरातही आहे का? असेल तर किती?

तर्ककर्कश

इतक्या लवकर सगळे पोत्यात माती शोधायला लागलात, काटा कुणी तपासला का?

इतिहास सांगतो. युरेनस हिशोबाप्रमाणे चालत नव्हता. फ्रेंच गणिती लव्हेरिए म्हणाला, बाहेर आणखी एक ग्रह असणार. १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. वाहवा झाली. मग बुध हिशोबाप्रमाणे चालेना. तोच लव्हेरिए पुन्हा म्हणाला, आत आणखी एक ग्रह असणार. त्याचं 'व्हल्कन' असं बारसंही झालं. पन्नास वर्षं लोक शोधत राहिले, काहींनी 'दिसला' असंही कळवलं! १९१५ मध्ये आइनस्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच नवा मांडला आणि बुधाचा शतकामागे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक आपोआप सुटला. व्हल्कन कधी नव्हताच.

म्हणजे एकदा पोत्यात खरंच काहीतरी होतं, आणि एकदा काटाच चुकीचा होता. इस्रायलचे शास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये हेच सुचवलं, की जिथे ओढ अतिशय क्षीण होते तिथे न्यूटनचा नियम थोडा बदला. एवढं केलं की एकेकट्या दीर्घिकांच्या फिरण्याचा हिशोब बिनबोभाट जुळतो, अदृश्य पदार्थ न घालता. नव्वद वर्षांत एक कण हाती लागलेला नाही. किती दिवस व्हल्कन शोधणार?

त्रिकालज्ञ

हे सर्व आपल्या ऋषींना ठाऊक होते. कृष्ण म्हणजेच कृष्णद्रव्य.

लातूरची_सून

त्रिकालज्ञ, वर नावाबद्दल लिहिलंय ते वाचलंत तर बरं. आपण आधी पाच पट की सहा पट ते ठरवू, मग श्लोक शोधू.

त्रिकालज्ञ

प्रकाटाआ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

अणुरेणू

मूळचा नांदेडचा, सध्या बाहेर याच विषयाच्या आसपास काम करतो. दोन-तीन प्रश्न एकत्र घेतो.

तर्ककर्कश यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्यातलेही काही जण मिलग्रोमच्या बाजूचे आहेत आणि ते वेडे नाहीत. एकेका दीर्घिकेच्या बाबतीत त्यांचा हिशोब इतका नीट जुळतो, की आम्हाला त्याचं उत्तर द्यावं लागतं. पण भुईकाटा यांनी केलं तेच आम्हीही केलंय, ट्रॉली तिसऱ्या काट्यावर नेलीय. आणि चौथ्याही.

दीर्घिकांचे दोन पुंज एकमेकांवर आदळून आरपार गेलेत, त्याला 'बुलेट' पुंज म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला समजावं म्हणून सांगतो. लग्नसराईत दोन वराती एकाच बोळात समोरासमोर आल्यात. बँड, नाचणारी पोरं, जनरेटरची गाडी, सगळं मधोमध अडकतं. कडेकडेनं चालणारी चार म्हातारी माणसं मात्र कुणाला न लागता पलीकडे. बुलेट पुंजात तसंच झालं. तापलेला वायू वायूला धडकला आणि मधे अडकला. दीर्घिका विरळ, त्या पार गेल्या. आता साध्या पदार्थाचं बहुतेक वजन वायूत असतं, तेव्हा ओढही मधेच सापडायला हवी. मागून येणारा उजेड ओढीनं कुठे किती वाकतो त्यावरून ओढ मोजली, २००६ मध्ये निकाल छापला. ओढ मधे नव्हतीच, दीर्घिकांबरोबर पुढे गेलेली! काटा कितीही बदला, वजन जिथे दिसतं तिथून ते उचलून दुसरीकडे ठेवणं काट्याला जमत नाही. मिलग्रोमचा नियम लावूनही पुंजांमध्ये काही वजन कमी पडतंच.

दुसरा काटा त्याहून जुना. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा उजेड अजून आपल्यापर्यंत येतोय. त्यात जे बारीक चढउतार आहेत ते प्लँक उपग्रहानं मोजले. त्यावरून हिशोब निघतो : साधा पदार्थ सुमारे ५ टक्के, न दिसणारा २७, आणि उरलेली ६८ टक्के कृष्ण ऊर्जा (ती वेगळी भानगड, दोन्हींची गल्लत करू नका). साधा पदार्थ किती, हे पहिल्या काही मिनिटांत तयार झालेल्या ड्यूटेरियमवरूनही (जड हायड्रोजन) स्वतंत्रपणे मोजता येतं. तोही आकडा तिथेच येतो. दीर्घिका, वाकलेला उजेड, जुना उजेड, ड्यूटेरियम. चार काटे, चौघांचे मालक वेगळे, आणि वजन जवळपास एकच.

लातूरची_सून, तुमचा प्रश्न अजिबात भाबडा नाही. आपल्या परिसरात या द्रव्याची घनता दर घनसेंटिमीटरला प्रोटॉनच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धरतात. स्वयंपाकघराचं सोडा, या क्षणी अख्ख्या पृथ्वीच्या पोटात मिळून ते अर्धा-पाऊण किलो असेल.

मोंढ्यातला_मुनीम

अर्धा किलो? आख्ख्या पृथ्वीत? एवढं तर आमच्याकडं पोतं झटकलं तरी पडतं. यासाठी एवढा गाजावाजा?

अणुरेणू

मुनीमजी, पृथ्वी म्हणजे गच्च दाबून भरलेलं पोतं. विश्व तसं नाही. आकाशगंगेतले तारे मोजले तर वजन ५-६ हजार कोटी सूर्यांएवढं. सगळी आकाशगंगा ओढीवरून तोलली तर १ लाख कोटी सूर्यांच्या आसपास. तुमच्या-माझ्या आजूबाजूला ताऱ्यांचं आणि वायूचंच पारडं जड आहे. पण तारे जिथे संपतात त्याच्याही कितीतरी पुढे हे द्रव्य विरळ विरळ पसरलेलं आहे. दर हात जागेत चिमूट, पण हात मोजायचे किती!

सेलूकर

पावसाळ्यात आभाळात असलेलं पाणी तसंच की. ओंजळीत धरता येत नाही, आणि एका रात्रीत ओढ्याला पूर.

तर्ककर्कश

बुलेट पुंजाचा मुद्दा मान्य. पण कण दाखवा, मग बोलू.

अणुरेणू

न्याय्य मागणी आहे आणि इथे आमचे हात रिकामे आहेत, हे लपवत नाही. अमेरिकेत दक्षिण डाकोटात एका जुन्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे दीड किलोमीटरवर, १० टन द्रवरूप झेनॉन भरलेली टाकी ठेवलीय. एखादा जड कण झेनॉनच्या अणुकेंद्रावर आपटला तर बारीकशी चमक उठेल, या आशेवर. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोल प्रयोगशाळा आहे, तिथेही शोध चालू आहे. खाली जायचं कारण एवढंच, की वरून पडणाऱ्या वैश्विक किरणांची कटकट दगडात जिरून जावी. अजून ठोस काही लागलेलं नाही. ज्या वजनाचे कण सापडतील असं तीस वर्षांपूर्वी ठामपणे वाटत होतं, त्यातले बरेच आता बाद झालेत. अॅक्झिऑन नावाचा अतिशय हलका कण सध्या चर्चेत जास्त आहे. न्यूट्रिनो हे ओळखीचे सूक्ष्म कण का नाहीत, असं कुणी विचारेलच : ते फार हलके आणि फार वेगवान, दीर्घिका बांधून ठेवायला कामाचे नाहीत.

शर्मिष्ठा

थोडं घराजवळचं. खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण कुणी पाहिली आहे का? जुन्नर तालुका, नारायणगावजवळ. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि तबकडी म्हणजे पत्रा नव्हे, तारेची जाळी. वाऱ्याला वाट मिळते आणि खर्चही वाचतो, शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची करामत. हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटरच्या लहरी सोडतो, आणि तारे संपले तरी हा वायू पुढे बराच पसरलेला असतो. त्यामुळे दीर्घिकेच्या कडेचा वेग मोजायला याच लहरी उपयोगी. विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना बघायला खुली असते. मी गेले तेव्हा शाळेची पोरं तबकडीखाली डबे खात बसली होती.

जगात_जर्मनी

लायगोचं उत्तर राहिलं ना भाऊ. आमच्या पाहुण्याच्या गावात म्हणतेत, ते मशीन सुरू झालं की बोअरचं पाणी खाली जाईल. आन वसमतकडं जमिनीतून गूढ आवाज येतेत, ते बी त्याच्यामुळंच. खरं का?

अणुरेणू

मशीन अजून उभं राहिलेलं नाही, आवाज मात्र त्याच्या आधीपासून येतात. यातच उत्तर आलं. बोअरशी काही संबंध नाही.

लायगो-इंडियाला केंद्रानं २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता दिली, २०२३च्या एप्रिलमध्ये सुमारे २६०० कोटी मंजूर केले. काटकोनात दोन बाहू, प्रत्येकी ४ किलोमीटर. आतून लेझर जाणार. गुरुत्वीय लहर (अवकाशालाच ताणत-आखडत जाणारी) गेली की एक बाहू तसूभर लांबतो, दुसरा आखडतो. 'तसूभर' म्हणजे किती, तर प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका. म्हणूनच शहर, रेल्वे, कारखाने यांच्यापासून लांबची शांत जागा लागते.

आता पुतण्याचा प्रश्न. लायगो न दिसणारे कण पकडायला बांधलेलं नाही, ते कृष्णविवरांच्या धडका ऐकतं. पण एक शक्यता आहे. काहींना वाटतं, की न दिसणाऱ्या द्रव्यातलं थोडं तरी विश्वाच्या सुरुवातीलाच तयार झालेल्या छोट्या कृष्णविवरांचं असेल. तारा मेल्यावर होणारं कृष्णविवर सूर्याहून हलकं नसतं. तेव्हा सूर्याहून हलक्या दोन कृष्णविवरांची धडक कधी खात्रीनं ऐकू आली, तर ती ताऱ्यांची पोरं नव्हेत, हे नक्की. ती धडक औंढ्यात ऐकू येऊ शकेल. पोराला सांगा, 'सापडणार' नाही, 'सापडलं तर' म्हण.

मोंढ्यातला_मुनीम

सगळं समजलं. आता शेवटचं विचारतो, तिसऱ्या काट्यावर काय निघालं?

भुईकाटा

मुनीमजी, तुम्ही काही पाठ सोडत नाही.

सगळ्यांचे आभार. काल रात्री पुन्हा पाळी होती, पोराला सगळं वाचून दाखवलं. वरात त्याला फार आवडली. मग विचारतंय, "देवयानीत कुणी आपल्यासारखं बांधावर पडलेलं असंल, तर त्याला आपली आकाशगंगा दिसंल. वजन मात्र तो बी उजेड बघून कमीच धरंल ना?" मी हो म्हणालो. मग नोझलमध्ये खडा अडकला म्हणून उठावं लागलं.

तिसरा काटा. तिसऱ्या काट्यावर आडत्याचंच वजन बरोबर निघालं. मी तरी ऐकेना. गावचा काटा घरचा, तो कसा खोटा असेल? परत येताना गावच्या काट्यावर गेलो, भांडायच्याच तयारीनं. काटेवाल्यानं शांतपणे विचारलं, "सकाळी भरलेली ट्रॉली काट्यावर घेतली तेव्हा पोत्यांवर कोण बसलं होतं?"

माझा भाऊ, आमचा सालगडी आणि हाच पुतण्या, तेव्हा तिसरीत. आदल्या दिवशी रिकाम्या ट्रॉलीचं वजन घेतलं तेव्हा तिघंही घरी होते. मोंढ्यात आडत्याच्या माणसानं काट्यावर चढायच्या आधी सगळ्यांना खाली उतरवलं होतं.